म्हातारीपाशी कोण थांबणार?

म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारत गावोगाव हिंडायचं, हे माझं काम होतं. आमच्या दवाखान्यात त्याला ‘पाहणी’ म्हणत. गावात चौकशी म्हणत, आणि चौकशीवाली बाई आली म्हटलं की निम्मं घर मागच्या दारानं शेताकडं निघून जाई. मागं उरायची ती म्हातारी माणसंच, तेव्हा माझं काम आपोआप सोपं व्हायचं.

इतकी वर्षं म्हाताऱ्यांत काढलीत, गोड आठवणी खूप असतील, असं लोक म्हणतात. आहेत. पण दिवाळी अंकात गोड लिहायला पुष्कळ जण बसलेले असतात. मी सोनाबाईची आणि तिच्या सुनेची हकीकत लिहिते आहे. ती गोड नाही.

एकाहत्तर साली मी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात समाजसेविका म्हणून लागले. त्याच वर्षी पुण्याहून डॉ. पाटणकर आले. त्यांना एका गोष्टीचा शोध घ्यायचा होता. एकाच गावात, एकाच वयाची दोन माणसं. एकाचं डोकं नव्वदीपर्यंत लख्ख चालतं आणि दुसरा साठीतच आपल्या बायकोला ओळखेनासा होतो. असं का? ते टाळता येईल का? आणि ज्यांचं बिघडलंच आहे, त्यांना घरच्या घरी नीट कसं सांभाळायचं? आज या आजाराला मोठी नावं आहेत. तेव्हा गावात ‘म्हातारचळ’ म्हणत, नाहीतर ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावत. दवाखान्यातही वयाचा दोष म्हणून टॉनिकची बाटली देऊन बोळवण करत. डॉ. पाटणकर तसं करत नसत. ते पडवीत मांडी घालून म्हाताऱ्यांचं तासन्‌तास ऐकत. त्यांच्याबद्दल पुढं मी कडू लिहिणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते.

आमचे प्रश्न बाहेरच्या कुठल्या तरी पुस्तकातून आलेले होते. आज तारीख काय? पंतप्रधान कोण? शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. शेवगावकडच्या एका म्हातारबाबांना मी हे विचारलं, तर ते म्हणाले, “शंभरातनं सात कशापायी काडायचे? कोनाला द्यायचेत?”

“कुणाला नाही बाबा, नुसतं बघायचंय.”

“बगायचंच आसंल तर शंभर ऱ्हाऊ द्या की.”

डॉक्टर हे ऐकून पोट धरून हसले आणि तो प्रश्न त्यांनी काढून टाकला. मग आम्ही दोघांनी मिळून दुसरे प्रश्न बसवले. विहिरीवरून एकटं घरी येता येतं का, घरात कोण जेवलं आणि कोण राहिलं हे सांगता येतं का, कालवणात मीठ दोनदा पडतं का. यातून माणूस कुठवर शाबूत आहे ते कळायचं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. तिथं धर्माबाबा नावाचे एक म्हातारे रोज दुपारी उठून धरणाकडं चालू लागत. तरुणपणी त्यांचं भाताचं खाचर त्या पाण्याखाली गेलेलं, ते त्यांच्या लेखी अजून तिथंच होतं. वाटेत जो भेटेल तो म्हणायचा, “धर्माबाबा, आज खाचरात पाणी लई झालंय, उद्या जाऊ.” आणि त्यांना वळवून घरी आणायचा. कधी चहा पाजून, कधी नुसता हात धरून. कोणी शिकवलेलं नव्हतं. धर्माबाबा त्या वाडीत मजेत होते. डॉक्टर परतताना जीपमध्ये म्हणाले, “हेच औषध आहे, बाई. माणसं आजूबाजूला असली पाहिजेत.”

बरोबर होतं ते. पण माणसं आजूबाजूला कुठल्या गावात असतात आणि कुठल्या गावात नसतात, हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणारा नव्हता.

जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या पलीकडच्या एका वाडीत सोनाबाई राहायची. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. सोनाबाई गावची सुईण. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातात जन्मलेल्या. म्हातारपणी तिचं डोकं फिरलं ते तिच्या धंद्याच्याच बाजूनं. उजाडायच्या आत ती कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायची आणि विचारायची, “कळा कवापासून हायत?” घरात एकटा म्हातारा गडी असला तरी त्यालाच विचारायची. एकदा तर तिनं पोलीस पाटलाच्या आईला आडवं व्हायला लावून पोट चाचपलं. गाव हसलं. मग कंटाळलं. आणि एक दिवस बाळंतिणीला पाणी तापवायचं म्हणून तिनं कुणाच्या तरी परसात कडब्याच्या गंजीला लागून जाळ केला, तेव्हा मात्र गाव घाबरलं. लोक म्हणाले, म्हातारीला कोंडा. शनिशिंगणापुरात घरांना दारंच नाहीत, तिथं हा उपाय चालला नसता. इथं दारं होती.

सोनाबाईला एक मुलगा, भानुदास. त्याची बायको गया, तिशीच्या आतबाहेरची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जमीन होती, पण पावसावरची. दसरा झाला की निम्म्याहून जास्त वाडी बैलगाड्या जुंपून साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परतायची. तोडीवर एकट्या माणसाला काम नसतं. नवरा-बायकोची जोडी लागते. जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

डोकं फिरल्यावरच्या पहिल्या वर्षी भानुदास आणि गया म्हातारीला न कोंडता बरोबर घेऊन गेले. तोडीवर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, सगळ्या सारख्या. सोनाबाई एका दुपारी बाहेर पडली आणि तिला आपली कोपी सापडेना. रात्रभर तिचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ती उभ्या उसात सापडली, पानांनी हातपाय चिरलेले, लुगडं फाटलेलं. टोळीच्या मुकादमानं भानुदासला सांगितलं, “पुडच्या साली म्हातारी आनायची न्हाई.”

ती मंडळी परत आल्यावर मी वाडीत जाऊ लागले. गयानं मला पहिल्या दिवशी विचारलं, “बाई, ह्या बऱ्या व्हतील का?”

मी म्हणाले, “बऱ्या होणार नाहीत. पण आणखी बिघडणं थांबवता येईल कदाचित.”

“मंग तेवडं तरी सांगा कसं करायचं ते.”

आम्ही दोघींनी पुष्कळ खटपट केली. उपयोग झाला तो गयाला सुचलेल्या एका गोष्टीचा. तिनं घरातली सगळी जुनी लुगडी फाडून म्हातारीच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, “आत्याबाई, बाळुत्यांच्या घड्या घालायच्यात.” सोनाबाई उंबऱ्याशी बसून दिवसभर घड्या घालू लागली. गया त्या आतल्या खोलीत नेऊन मोडायची आणि पुन्हा पुढ्यात टाकायची. येणारेजाणारे थांबायचे, “सोनामाय, कुनाचं बाळतपन हाय?” म्हणून विचारायचे, दोन शब्द बोलायचे. तिचं पहाटेचं भटकणं थांबलं. ती वेळेवर जेवू लागली. डॉक्टरांनी येऊन हे पाहिलं आणि अतिशय खूश होऊन तिचा फोटो काढला.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला.

ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. वाडीतली विहीर गणपतीतच तळाला गेली. तोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याची वाटही पाहिली नाही. सोनाबाईचं काय करायचं हे ठरवायला डॉक्टर मुद्दाम जीप घेऊन आले. भानुदासच्या ओसरीवर आम्ही बसलो. भानुदास, डॉक्टर, मी. गया दारात उभी होती.

डॉक्टर म्हणाले, “घरचंच माणूस यांच्याजवळ राहायला हवं. परकं माणूस ठेवलं तर या घाबरतील आणि आतापर्यंतचं सगळं वाया जाईल.”

मी म्हणाले, “शेजारच्या चंद्रभागाबाई तोडीला जात नाहीत. सोनाबाई त्यांना ओळखतात. त्यांना आपण शिकवू आणि आपल्या कामावर घेऊ. गयाला जाऊ द्या.”

“तशी तरतूद नाही आपल्याकडं,” डॉक्टर म्हणाले. “शिवाय आपण पाहतोय ते कुटुंब काय करू शकतं हे. पैसे देऊन बाई ठेवली तर त्याला कुटुंबाचा आधार कसा म्हणायचा?”

“आणि गया राहिली तर हे तोडीला कसे जाणार? यांचा कोयता मोडतो, डॉक्टर.”

भानुदास जमिनीकडं बघत म्हणाला, “गया ऱ्हाईल हितंच. आई माजी हाय.”

“आन मोळ्या कोन बांदील?” गयानं दारातून विचारलं.

“बगू. मुकादम काय तरी जुळवून देईल.”

तेवढ्यावर बैठक संपली. ‘तुला काय वाटतं’ असं गयाला विचारायला मी तोंड उघडलं, तर ती चहाचे कप उचलून आत गेलेली होती. चार दिवसांनी वाडीतल्या गाड्या हलल्या.

त्या हिवाळ्यात मी एसटीनं पाथर्डीपर्यंत आणि पुढं सायकलनं जात असे. वाडीत म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नव्हतं. जी आदल्या वर्षी नीट बोलत-चालत होती, त्यातली कितीतरी जणं दोन-तीन महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत खचली. बोलायला कोणी नाही, खायला धड नाही. एक म्हातारबाबा मला रोज नव्यानं विचारायचे, “आज काय पोळा हाय का? गाव येवडं गप का?” डॉक्टरांचा सिद्धान्त इतका पुरेपूर खरा ठरत होता, की तो खरा ठरू नये असं मला वाटे.

सोनाबाई मात्र ठीक होती, कारण तिच्याजवळ गया होती. गयाजवळ कोणी नव्हतं. दळण संपल्यावर तिनं दुष्काळी कामावर नाव घातलं. पाझर तलावाचं काम निघालं होतं, बायका ओळीनं बसून खडी फोडायच्या. म्हातारीला घरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून गया तिला घेऊन गेली आणि बाभळीखाली घड्या घालायला बसवलं.

मी तिथं गेले त्या दिवशीचं दृश्य सांगते. शे-दीडशे बायका उन्हात उकिडव्या बसलेल्या, हातोडीच्या प्रत्येक घावाला हुंकार देत होत्या. सोनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. उकिडवी बसून कण्हणारी बाई म्हणजे तिला एकच गोष्ट ठाऊक. ती बाभळीखालून उठली आणि ओळीनं एकेकीच्या मागं जाऊन कमरेवरून हात फिरवू लागली. “झालं बाई, झालं आता. दम धर जरा.” पहिल्या काही जणी हसल्या. पुढच्या हसल्या नाहीत. त्या हातोडी खाली ठेवून तशाच बसून राहिल्या आणि म्हातारीला कमरेवरून हात फिरवू दिला.

काम थांबलेलं पाहून हजेरीवरचा माणूस आला. “ही याडी कोनाची? हिला हितं आनायचं न्हाई.” गयानं विनवलं, मी बोलले, दवाखान्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तिला सुरुंगाचा दगुड लागला तर तुमचा दवाखाना जबाबदारी घेईल का?” त्याचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गयाचं काम सुटलं. चंद्रभागाबाई आपल्यातली भाकरी अर्धी करून द्यायच्या, त्यावर दोघी राहिल्या. मी नगरहून दुष्काळात वाटायच्या सुकडीची पाकिटं नेत असे, तीही पुरत नव्हती.

भानुदासची खबर मुकादमाच्या माणसाकडून आली. जवळच्या एका गावची, नवऱ्यानं टाकलेली बाई मुकादमानं त्याच्याबरोबर कोयत्याला दिली होती. गयानं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हातारीच्या केसांना तेल लावत होती.

“कोयता म्हनल्यावर एका कोपीत ऱ्हातेत दोगं,” ती म्हणाली. “मला काय ते कळत न्हाई व्हय?”

पाडवा झाल्यावर गाड्या परत आल्या. त्या दिवशी मी वाडीत होते. भानुदास ओसरीवर चढला, मागं ती बाई. गयापेक्षा लहान, काळीसावळी, तिला मान वर करवत नव्हती. गया पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिथंच थांबली. 

सोनाबाई उंबऱ्याशी बसलेली होती. तिनं भानुदासकडं पाहिलं. “पावनं कुटनं आलं?” तिनं विचारलं.

“आई, मी भानू.”

“बसा, पावनं,” ती म्हणाली आणि त्याच्या मागच्या बाईकडं वळली. तिला हाताला धरून जवळ बसवलं, पोटावर पालथा हात ठेवला, डोळे मिटले. इतक्या महिन्यांत मी तिचा चेहरा एवढा शहाणा कधी पाहिला नव्हता. “पाचवा लागलाय,” ती म्हणाली. “वजं उचलू नगंस आता.”

तिचं चुकलेलं नव्हतं. गयानं तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन चूल पेटवली. तिला आता आणखी दोघांचा स्वयंपाक करायचा होता.

गया वांझ म्हणून भानुदासनं दुसरी आणली, असं वाडीनं ठरवलं. सांगायला बरं कारण होतं ते. मी गयाला बाजूला घेऊन म्हणाले, “एक बायको असताना दुसरी करता येत नाही. कायदा आहे. मी वकील बघते.”

“कायदा हितं येऊन म्हातारीपाशी बसंल का?” ती म्हणाली. “मी कचेरीत गेल्यावर हिला कोन बगंल? ती? ती तर दसरा आला की पुन्ना तोडीला जाईल.”



पुढल्या थंडीत पुण्याला ठिकठिकाणच्या डॉक्टरांची एक सभा झाली. तिथं डॉ. पाटणकरांनी आमच्या कामाचा अहवाल वाचला. पडद्यावर सोनाबाईचा तो उंबऱ्यातला फोटो दाखवला. रुग्णाला एकही जखम नाही, वजन टिकून आहे, भटकणं थांबलं आहे, शासनाचा खर्च काही नाही. भारतीय कुटुंब हाच वृद्धांचा सर्वांत मोठा आधार, असं शेवटचं वाक्य होतं. टाळ्या पडल्या. फोटोच्या कडेला बांगड्या घातलेला एक हात दिसत होता. तो गयाचा, घड्यांचं गाठोडं पुढं सरकवणारा. बाकीची गया फोटोत आलेली नव्हती.

मी उभी राहिले आणि विचारलं, “जी सून घरी थांबली तिचं काय झालं, हे या कामात धरायचं की नाही?”

अध्यक्ष म्हणाले, “प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सामाजिक झाला. आपण इथं वैद्यकीय विषयासाठी जमलो आहोत.”

चहाच्या वेळी डॉ. पाटणकर स्वतः माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. “तुमचं खरं आहे, बाई. मलाही ते माहीत आहे. पण तेही मांडलं असतं तर या लोकांनी सगळंच बाजूला ठेवलं असतं. निदान घरी सांभाळता येतं, एवढं तरी आज त्यांनी मान्य केलं.” मी मान हलवली. ते मनापासून बोलत होते, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. वर्षभरात आमचं काम बंद झालं. डॉक्टर दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर गेले.

सोनाबाई त्यापुढच्या श्रावणात वारली. झोपेत, स्वच्छ लुगड्यात. भानुदासनं तेराव्याला गाव जेवू घातलं. गावानं त्याला आईची सेवा करणारा मुलगा म्हणून नावाजलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. गया त्याच आठवड्यात घर सोडून गेली. दुसरीचं मूल सांभाळायला तिनं थांबावं, असं भानुदासचं म्हणणं होतं.

आणखी काही वर्षं गेली. घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांसाठी एक शिक्षणवर्ग काढायचा, असं आमच्या दवाखान्यानं ठरवलं आणि शिकवणाऱ्या बायका शोधायचं काम माझ्याकडं आलं. मला एकच नाव सुचत होतं. विचारत विचारत गयाचा पत्ता लागला. नगरजवळ नागापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये ती होती. नटबोल्ट निवडून डब्यात भरायचं काम. दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली, अंगानं भरलेली, केस पिकू लागलेले. मला पाहून हसली. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो.

“बरं चाललंय?” मी विचारलं.

“लई ब्येस. नटाला भूक लागत न्हाई, त्यो हाकबी मारत न्हाई.”

तिच्याकडून मला एक जाणून घ्यायचं होतं. “इतकं सगळं झाल्यावर तू सासूचं केलंस कसं, गया?”

तिनं डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. “शानी हुती तवा म्हातारी मला रोज वांझोटी म्हनायची, बाई. चार बायकांत म्हनायची. याड लागल्यावर तिला वाटायचं मी बाळतपनाला आल्ये. रोज सांजंला माजं पोट चोळायची. म्हनायची, ‘भिऊ नगंस, नीट हाय समदं.’” तिनं आपल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला. “मला सून म्हनून वळकलं आसतं, तर मी येक दीस ऱ्हायली नसती.”

मग मी शिक्षणवर्गाचं सांगितलं. पगार मिळेल, राहायला खोली मिळेल, तुला येतं ते दहा बायकांना शिकव, म्हटलं. ती ऐकून घेत होती. आतली घंटा झाली तशी उठली आणि पदराला हात पुसले.

“त्यात शिकवायचं काय, बाई?” ती म्हणाली. “येक बाई घरी बसवायची. झालं.”

आणि ती आत गेली.